सात वाजताचा भोंगा आणि ज्याचा त्याचा स्वभाव

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. ऑगस्ट २०२२ पासून या गावात रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे, मुलांनी वह्या-पुस्तके घेऊन बसायचे. साडेआठला दुसरा भोंगा झाला की पुन्हा सुरू. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी महिलांच्या ग्रामसभेत निर्णय झाला. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन लोकांना समजावले. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली. पुढे वर्ग उघडले, पण मोबाइल हातातून सुटेना, हे त्यामागचे कारण.

बातमी देशभर गेली, गावाचे कौतुक झाले. डॉक्टर म्हणून मला मात्र या भोंग्यामागे दोन प्रश्न दिसतात. मोबाइल बंद करायला एक बटण पुरते, मग अख्ख्या गावाला भोंगा का लागावा? दुसरा प्रश्न आपल्या घरातलाच आहे. एकाच छताखाली वाढलेली दोन भावंडे, दोघांकडे सारखाच फोन, सारखाच डेटा. एकजण जेवायला हाक मारली की फोन उपडा ठेवून उठतो. दुसऱ्याला चार हाका माराव्या लागतात आणि पाचव्या हाकेला तो चिडतो. हा फरक कुठून येतो, हे समजले तर घरातली बरीच भांडणे टळतील आणि उपायही योग्य जागी लागू पडेल.

तास मोजून कळत नाही

देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावी ‘माझा फोन सुटत नाही’ अशी तक्रार घेऊन दवाखान्यात सहसा कोणी येत नाही. लोक येतात ते झोप लागत नाही, डोके दुखते, मान धरली आहे, पित्त वाढले आहे, पोराचे अभ्यासात लक्ष नाही म्हणून. ‘रात्री किती वाजता झोपता? झोपण्याआधी काय करता?’ एवढे विचारले की सोबत आलेली आई किंवा बायको उत्तर देते, ‘साहेब, दिवसभर मोबाइलच असतो हातात!’

पण ‘दिवसभर मोबाइल’ हे निदान नव्हे. आपल्या कसमादे पट्ट्यात कांद्याच्या हंगामात शेतकरी उमराण्याचा, लासलगावचा, पिंपळगाव बसवंतचा भाव ग्रुपवर पाहत असतो. लिलावाच्या दिवसांत त्याचे तीन-चार तास फोनवर सहज जातात. माल विकला, पट्टी हातात आली की फोन खिशात जातो. त्याचा वापर जास्त आहे, पण तो आजारी नाही. उलट, अकरावीतली एखादी मुलगी दिवसातून तासभरच इन्स्टाग्राम पाहते. पण तो तास संपला की ती आरशासमोर उभी राहून रडते, रात्रीचे जेवण टाळते, ॲप काढून टाकते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेते. इथे तास कमी आहेत, पकड घट्ट आहे.

ही पकड ओळखण्यासाठी नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या सेसिली अँड्रिआसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सहा प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. आधी ती फक्त फेसबुकसाठी होती, पुढे सगळ्याच समाजमाध्यमांसाठी वापरली जाऊ लागली. गेल्या वर्षभराचा विचार करून हे प्रश्न स्वतःला विचारायचे. साध्या मराठीत ते असे:

१. फोन हातात नसतानाही मनात त्याचेच विचार चालू असतात का?
२. पूर्वी जेवढ्या वापराने समाधान व्हायचे, तेवढ्याने आता होत नाही, असे वाटते का?
३. मनातल्या अडचणी विसरण्यासाठी फोन उघडला जातो का?
४. कमी करायचे ठरवूनही जमत नाही, असे होते का?
५. वापर बंद झाला की अस्वस्थता किंवा चिडचिड होते का?
६. त्यापायी अभ्यास, काम किंवा नाती यांवर वाईट परिणाम झाला आहे का?

एखाद-दुसऱ्या प्रश्नाला ‘कधीकधी’ असे उत्तर आले तर घाबरू नये. ते आपल्यापैकी अनेकांचे येईल. सहापैकी बहुतेकांना ‘नेहमीच’ असे उत्तर येत असेल तर मात्र थांबून विचार करावा. एक खुलासाही करायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, व्हिडिओ गेमच्या अतिरेकाला आजार म्हणून स्थान मिळाले आहे. समाजमाध्यमांच्या अतिरेकाला तसे स्वतंत्र स्थान नाही. म्हणून ‘व्यसन’ हा शब्द जपून वापरावा. ‘त्रासदायक वापर’ म्हटले तर पुरेसे आहे, आणि त्यामुळे पोराच्या कपाळावर शिक्काही बसत नाही.

स्वभावाचे पाच पैलू

मानसशास्त्रज्ञ माणसाचा स्वभाव साधारणपणे पाच पैलूंमध्ये मोजतात. मन किती लवकर काळजीत पडते किंवा खचते. अंगात शिस्त आणि चिकाटी किती. माणसांत मिसळण्याची आवड किती. दुसऱ्याशी जमवून घेण्याची वृत्ती किती. आणि नव्याची ओढ किती. प्रत्येकात पाचही पैलू असतात, प्रमाण वेगवेगळे असते. उंचीसारखेच हे आहे: कोणी उंच, कोणी ठेंगणा, बहुतेक मधले.

समाजमाध्यमांच्या त्रासदायक वापराबाबत जगभर झालेल्या अभ्यासांत यातले दोन पैलू पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिला, चटकन काळजीत पडणारे, मनाला लावून घेणारे मन. दुसरा, शिस्तीची कमतरता, म्हणजे हातातले काम बाजूला ठेवून समोर आलेल्या गोष्टीमागे धावण्याची सवय. बाकी पैलूंचा संबंध कुठे दिसतो, कुठे दिसत नाही. अँड्रिआसेन यांनी २०१७ मध्ये तेवीस हजारांहून अधिक नॉर्वेवासीयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची पकड जास्त घट्ट होती त्यांच्यात स्वतःविषयी कमी आदर असलेले लोक अधिक आढळले. त्याचबरोबर स्वतःचे कौतुक करवून घेण्याची हौस असलेलेही अधिक आढळले. वरवर पाहता हे उलटसुलट वाटेल, पण दोघांनाही एकच गोष्ट हवी असते: आपण चांगले आहोत, असे दुसऱ्याने सांगणे.

इथे सावध राहावे लागते. स्वभावाचा हा संबंध खरा असला तरी तो माफक आहे. त्यावरून ‘तुझा स्वभावच असा, तू बिघडणारच’ असे कुणाला सांगता येत नाही. शिवाय यातले बरेचसे अभ्यास एकाच वेळी प्रश्नावली भरून घेऊन केलेले आहेत. त्यामुळे उदास मुलगा फोनकडे वळतो की फोनमुळे तो उदास होतो, हे त्यांतून नक्की सांगता येत नाही. दवाखान्यात पाहिले तर दोन्ही होते आणि एक दुसऱ्याला वाढवत जाते. रात्री मन बेचैन, म्हणून फोन. फोनमुळे झोप अर्धवट. झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी मन आणखी बेचैन.

कोण कशासाठी फोन उचलतो?

‘इतका वेळ काय बघतोस?’ असे आपण मुलांना विचारतो. त्याऐवजी ‘फोन उचलण्याआधी तुला काय वाटत होते?’ असे विचारले तर जास्त कळते. गेल्या काही वर्षांत दवाखान्यात ऐकलेल्या उत्तरांचे ढोबळमानाने चार प्रकार दिसतात. पुढची वर्णने कोण्या एका माणसाची नाहीत, अनेकांच्या हकिकती त्यांत एकत्र आल्या आहेत.

पहिला प्रकार धास्तावलेल्यांचा. ‘आपल्याला सोडून काहीतरी घडतेय, आपण मागे राहू’ ही धाकधूक त्यांना स्वस्थ बसू देत नाही. इंग्रजीत याला ‘फोमो’ म्हणतात आणि २०१३ मध्ये अँड्र्यू प्रिझिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह ती मोजण्याची पट्टीही केली. पोलीस भरतीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले यात पुष्कळ दिसतात. टेलिग्रामवर आठ-दहा ग्रुप, प्रत्येकात रोज शेकडो संदेश. जाहिरात निघाली का, तारीख पुढे गेली का, कोणाला किती गुण पडतायत! अभ्यासासाठीच म्हणून फोन उघडलेला असतो, पण पुस्तकाचे पान उलटत नाही आणि धाकधूक तेवढी वाढते.

दुसरा प्रकार उतावळ्यांचा. यांना कसला खोल दुखावा असतोच असे नाही. हात रिकामा राहिला की फोनकडे जातो. रात्रीच्या विजेवर कांद्याला पाणी भरताना बारे बदलेपर्यंत एक रील पाहायची म्हणून फोन काढला आणि पाणी बांधावरून शेजाऱ्याच्या वावरात गेले, असे सांगणारे तरुण हसत हसत सांगतात. लहानपणापासून एका जागी न बसणाऱ्या, वस्तू हरवणाऱ्या, अर्धवट काम सोडणाऱ्या मुलांमध्ये हे फार असेल तर लक्ष न लागण्याचा मूळ आजार आहे का, तेही तपासून घ्यावे लागते. तो असेल आणि त्यावर उपचार झाले तर फोनचा प्रश्नही बराच हलका होतो.

तिसरा प्रकार एकट्यांचा आणि बुजऱ्यांचा. चारचौघांत बोलताना यांची जीभ अडखळते, फोनवर मात्र मोकळी होते. लग्न होऊन नव्या गावी आलेली, घरात बोलायला कोणी नसलेली सून यात असते. मुली शेतकरी नवरा नको म्हणतात म्हणून तिशी ओलांडूनही लग्न न जमलेला मुलगा यात असतो. तो रात्री एकेकाचे लग्नाचे फोटो, कोणाच्या बाळाचे बारसे, कोणाची नवी गाडी पाहत पडून राहतो. फोन त्याला सोबत देतो आणि त्याच वेळी सगळ्यांचे जमले, आपलेच राहिले, हेही दाखवत राहतो. अशा माणसाचा फोन नुसता काढून घेणे म्हणजे बुडणाऱ्याच्या हातची फळी ओढून घेण्यासारखे आहे. ती फळी त्याला किनाऱ्याला नेत नाही हे खरे, पण आधी दुसरा हात पुढे करायला हवा.

चौथा प्रकार शाबासकीच्या भुकेल्यांचा. स्टेटस ठेवले की दर पाच मिनिटांनी कोणी कोणी पाहिले याची यादी उघडायची. नेमके ज्याने पाहावे त्याने पाहिले नाही की दिवस वाया. लाईक कमी आले की फोटो काढून टाकायचा. हे फक्त कॉलेजातल्या पोरांचे नाही. पन्नाशीतले, गावात मानाचे स्थान असलेले लोकही वाढदिवसाच्या शुभेच्छा मोजत बसलेले मी पाहिले आहेत.

हे चार प्रकार म्हणजे चार कप्पे नव्हेत. एकाच माणसात दोन-तीन सापडतात आणि वयानुसार बदलतातही. किशोरवयात मित्रांचे मत हेच सगळ्यात मोठे वाटते, मनाला आवर घालणारा मेंदूचा भाग अजून पक्का व्हायचा असतो. म्हणून त्या वयात पकड लवकर बसते.

सगळा दोष स्वभावाचा नाही

स्वभावाबद्दल इतके लिहिल्यावर दुसरी बाजू सांगायलाच हवी. बुजरी, उतावळी, धास्तावलेली माणसे आपल्या आजोबांच्या काळातही होती. तेव्हा त्यांच्या उशाशी हे यंत्र नव्हते. फेसबुकवर लाईकचे बटण २००९ मध्ये आले. पान संपूच न देता खाली सरकत राहण्याची युक्ती आली आणि ‘आता पुरे’ असे वाटण्याची जागाच नाहीशी झाली. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि आपल्या वाड्या-वस्त्यांवरही दिवसभर इंटरनेट पोहोचले.

यामागचे तत्त्व जुने आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून दाखवले की, कळ दाबल्यावर दर वेळी ठरावीक दाणा मिळण्यापेक्षा कधी मिळतो, कधी नाही, अशी अनिश्चितता असेल तर पक्षी जास्त चिवटपणे कळ दाबत राहतो. मटक्याच्या आकड्याची ओढ हीच असते. अंगठ्याने पडदा खाली ओढला की पुढची रील कंटाळवाणी असेल, त्यापुढचीही तशीच असेल, पण तिसरी पोट धरून हसवणारी निघेल. त्या तिसरीच्या आशेवर तास जातो. म्हणजे ज्याला मोह आवरत नाही त्याच्यासमोर, मोह आवरता येऊ नये अशाच बेताने बनवलेली वस्तू ठेवलेली असते. दोष वाटून घ्यायचा तर त्यात कंपन्यांचा वाटा मोठा आहे.

भोंगा नेमके काय करतो?

आता वडगावच्या भोंग्याकडे पुन्हा पाहू. धास्तावलेल्याची भीती ही, की मी फोन ठेवला तर मागे काहीतरी होईल. भोंगा झाल्यावर गावातल्या सगळ्यांचेच फोन ठेवलेले असतात, त्यामुळे गावापुरते तरी हुकण्यासारखे काही उरत नाही. उतावळ्याला दर वेळी मनाशी झगडावे लागते आणि तो हरतो. इथे त्याला काही ठरवावेच लागत नाही, वेळ गावाने ठरवलेली असते. एकट्याला त्या दीड तासात घरातली माणसे मोकळी सापडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नियम आई-वडिलांनाही आहे. बाप रील पाहतोय आणि पोराला अभ्यासाला बस म्हणतोय, हे चित्र तिथे निदान दीड तास तरी दिसू नये, अशी ती योजना आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावाच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवायला कायद्याने मनाई केली आहे. या उपायांमागची कळकळ खरी आहे. पण बंदी फक्त मुलांवर असली की मोठ्यांचा वापर तसाच राहतो. वडगावच्या नियमात मोठेही येतात, आणि मला तो आपल्या घरांना अधिक जवळचा वाटतो.

पूर्ण बंद करण्याची गरजही बहुतेकांना नसते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांनी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी दहा मिनिटे, म्हणजे रोज अर्धा तासच वापरायचे; बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे. तीन आठवड्यांत पहिल्या गटातला एकटेपणा आणि उदासी कमी झाली, आणि जे आधीच जास्त उदास होते त्यांना फायदा जास्त झाला. गंमत अशी की, काहीच कमी न केलेल्या गटातही काळजी आणि मागे राहण्याची धाकधूक थोडी उतरली. आपण किती वापरतो याची नोंद दोन्ही गटांना द्यावी लागत होती. नुसते स्वतःकडे लक्ष गेल्यानेही फरक पडला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. अभ्यास लहान आहे, पण करून पाहायला खर्च काही नाही.

घरी काय करावे?

आधी आठवडाभर फक्त नोंद ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये रोजचा वापर दिसतो. त्याशेजारी वहीत एक शब्द लिहा: कंटाळा, काळजी, राग, एकटेपणा, सवय. आठवड्यात आपला प्रकार आपल्याला कळेल.

मग उपाय प्रकाराप्रमाणे निवडा. धास्तावलेल्याने सगळे ग्रुप मूक करावेत, दोनच ठेवावेत आणि ते दिवसातून ठरलेल्या दोन वेळीच पाहावेत. उतावळ्याने मनाच्या निर्धारावर विसंबू नये. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, नोटिफिकेशन बंद करावीत, उठायला साधे गजराचे घड्याळ घ्यावे. एकट्या माणसाला भजनी मंडळ, तालीम, बचत गट, वाचनालय, क्रिकेटचा संघ, जिथे रोज चार माणसे भेटतील असे काहीतरी घरच्यांनी जोडून द्यावे. शाबासकीच्या भुकेल्याला घरातून, समोरासमोर शाबासकी द्यावी. आपल्याकडे पोराचे कौतुक तोंडावर करू नये म्हणतात. ते थोडे सोडून द्यायला हरकत नाही.

सर्वांसाठी दोन नियम पुरे. जेवताना कोणाचाच फोन ताटाशेजारी नको आणि झोपताना कोणाचाच उशाशी नको. मुलांशी आधी बोलून, वेळ मिळून ठरवा. चिडून फोन हिसकावणे, आपटणे, सगळ्यांसमोर अपमान करणे यांनी वापर कमी होत नाही, लपून करणे मात्र सुरू होते.

डॉक्टरकडे कधी यावे?

झोप सलग दोन-तीन आठवडे बिघडली असेल, मुलाने शाळा किंवा मित्र सोडले असतील, वजन उतरत असेल, फोन काढून घेतल्यावर तो अंगावर धावून येत असेल, तर वाट पाहू नये. फोनपायी कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली तर ‘नाटक करतोय’ म्हणून सोडून देऊ नये. त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अशा वेळी फोनच्या आड उदासीचा किंवा काळजीचा आजार असू शकतो, कधी कोणी छायाचित्रांवरून धमकावतही असू शकते. हे विचारल्याशिवाय मुले सांगत नाहीत.

सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मदतवाहिनी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. नाव सांगण्याची सक्ती नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, हा समज आपल्या भागात अजून आहे आणि त्यापायी मुले वर्ष-दोन वर्षे उशिरा येतात. लवकर आलेल्यांना पुष्कळदा औषधही लागत नाही. चार-सहा वेळा बसून बोलणे आणि घरच्यांची साथ, एवढ्यावर गाडी रुळावर येते.